आईच्या कपाटाचं कुलूप

आईने एका सकाळी रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली आणि चक्कर येऊन पडली. त्याच दिवशी मी ठरवलं, औषधांच्या कपाटाला कुलूप लावायचं. किल्लीचं नव्हे, किल्ल्या मीच हरवतो. सोलेनॉइडचं. बटण दाबलं की कॉइलमध्ये वीज जाते, खटका आत ओढला जातो आणि दार सुटतं. बारा व्होल्टचा अ‍ॅडाप्टर, चार वायरी, एक रविवार. बटण कपाटाच्या बुडाला, कुणाला दिसणार नाही असं. दार खडखडू नये म्हणून आतून रबरी पट्टी. वारांचे खण असलेल्या डबीतून रोजची गोळी मीच काढून देणार.

"एवढा बंदोबस्त तर बँकेतही नसतो," बायको म्हणाली. मला ते कौतुक वाटलं.

करायचं तर नीट, म्हणून आईचा दम्याचा पंपही मी आतच ठेवला. अतिशहाणा म्हणतात तो मीच.

पंधरा दिवसांनी, दुपारी, आईला धाप लागली. खुर्चीची कड धरून ती श्वास ओढत होती आणि छातीतून शिट्टी ऐकू येत होती. मी धावलो. डाव्या हाताने कडी खेचली, उजव्याने बटण दाबलं. कॉइल गुणगुणली. दार हललं नाही.

पुन्हा दाबलं. आणखी जोराने खेचलं. नुसती गुणगुण.

"अहो, तोडा ना ते!" बायको ओरडली.

पण तोडणार कसं? पत्र्याचं कपाट, बिजागऱ्या आतल्या बाजूला. पट्टीमुळे फटीत स्क्रू ड्रायव्हरचं टोकही शिरेना. कॉइल तापल्याचा वास येऊ लागला. ती जळली की संपलंच. आईचे ओठ निळसर दिसत होते. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात आई उठली. बायकोच्या खांद्याचा आधार घेत दोन पावलं आली, माझा हात कडीवरून झटकला आणि तळवा दारावर ठेवून दार आत दाबलं. दुसऱ्या हाताने, न बघता, बुडाचं बटण दाबलं.

खट्. दार उघडलं.

दोन फवारे घेतल्यावर हळूहळू शिट्टी थांबली. मी जमिनीवरच बसलो होतो.

"ओढलंस की खटका अडकतो," ती दम खात म्हणाली. "माझा तोल जातो ना, मी कडीला धरून उभी राहते, तेव्हा दार ओढलं जातं. पहिल्या दिवशी माझंही असंच झालं."

"पहिल्या दिवशी? तुला बटण कुठंय ते कसं कळलं?"

"प्रगतिपुस्तकसुद्धा कपाटाखालीच लपवायचास."

बायको हसली आणि लगेच डोळे पुसू लागली. मी मात्र चिडलो. "म्हणजे रोज उघडतेस? कशाला?"

"गोळी घेतली की नाही ते बघायला. डबीतला आजचा खण रिकामा दिसला की परत लावून टाकते."

"मग मला सांगायचंस ना, आई."

"सांगितलं असतं तर तू आणखी मोठं कुलूप लावलं असतंस."

खरंच लावलं असतं. मी अ‍ॅडाप्टरची पिन काढली आणि खटक्याचे स्क्रू सोडवायला बसलो.