सुकटातला बाप

समता बुलढाण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. बाळंतपणाला ती साखरखेर्ड्याला माहेरी आली होती आणि तान्ह्या छकुलीला मांडीवर घेऊन बसून बसून कंटाळली होती. एका दुपारी तिची आई जनकाबाई ओट्यावर सुकट निवडत होती. सुपातली एक काडी तिनं चिमटीत धरून अंगणात भिरकावली, तशी समता ताडकन उठली. काडीला डोळा होता.

तिनं ती शोधून आणली, वाटीभर पाण्यात टाकली. हळूहळू काडी फुगली आणि तिचा मासा झाला. बोटाएवढा, नळीसारख्या तोंडाचा, अंगभर हाडाची बारीक बारीक कडी. पाइपफिश! समता इतकी वर्षं मासे शिकवत होती, पण समुद्र तिनं अजून पाहिला नव्हता. आता समुद्राचाच एक जीव आईच्या सुपातून तिच्या हाती आला होता.

पाइपफिशच्या जाती पुष्कळ. नेमकी कोणती ते ठरवायला अंगावरची कडी मोजावी लागतात. समताचे वडील इंद्रभान घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांनी आपलं डोळ्याला लावायचं भिंग दिलं. समता मोजत आली की छकुली रडायची आणि आकडा विसरायचा. शेवटी इंद्रभान स्वतःच भिंग लावून वाटीवर वाकले.

"शेपटीखाली अंडे दिसून राह्यले याच्या," ते म्हणाले. "मादी हाय."

"नाई बाबा. हा बाप हाय."

मग तिनं समजावून सांगितलं. या माशांत मादी अंडी घालते ती नराच्या पिशवीत, आणि मोकळी होते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत अंडी सांभाळायची ती बापानंच. जनकाबाईनं सूप खाली ठेवलं.

"हे मले आधी काऊन नाई सांगितलं?" ती म्हणाली. "तुह्या बापाले दाखवलं असतं." आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. इंद्रभान मान खाली घालून कडी मोजत राहिले.

आकडा जुळला, पण दोन जातींशी. फरक होता तो पाठीवरचा पर, म्हणजे पोहायचा पंख, कुठल्या कड्यापासून सुरू होतो याचा, आणि या माशाचा पर तर झडून गेलेला. दुसरा मासा हवा होता.

बाजाराच्या दिवशी छकुलीला आजोबांकडे सोडून समता, आईनं जिच्याकडून सुकट घेतलं होतं त्या जहांआराबीच्या दुकानासमोर जाऊन बसली. मालात काडी निघाली हे ऐकून जहांआराबी ओशाळली, बदलून देते म्हणाली. समतानं सांगितलं, मले काड्याच पाहिजे. जहांआराबीनं पोतं झटकून उरलेला सगळा चुरा गोणपाटावर ओतला आणि स्वतःही चाळायला लागली. शेजारी मिरच्या घ्यायला आलेल्या दोन बायाही वाकल्या. काय शोधतोय ते कळल्यावर तर कुणी जागचं हलेना. आणि त्या चुऱ्यातून जहांआराबीनंच एक अख्खा मासा अलगद उचलला. पर जागच्या जागी होता.

समतानं तिथंच भिंग लावलं. पर शेपटीच्या अलीकडच्या कड्यावर सुरू होत होता. जात ठरली. तिनं दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहताना तिला हसू आवरेना.

जहांआराबीनं पलीकडे तराजू लावून बसलेल्या नवऱ्याला, रहेमतुल्लाला, बापमाशाची गोष्ट ऐकवली. त्यानं कांदे तोलता तोलता विचार केला.

"मंग त्याची बायको काय करते?"

"कॉलेजात शिकवते," जहांआराबी म्हणाली, आणि बाया पोट धरून हसल्या.

रजा संपल्यावर दोन्ही मासे एका छोट्या बरणीत कॉलेजात गेले. नमुना कुठं सापडला ते चिठ्ठीवर लिहावं लागतं. कोणत्या बंदरावरून ते सुकट आलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा समतानं माशाच्या शास्त्रीय नावाखाली सुबक अक्षरात लिहिलं: जहांआराबींचं दुकान, आठवडी बाजार, साखरखेर्डा.