चार घरांवर पोस्टाने

मी एक इंग्रजी-मराठी शब्दकोश बोलतोय. कोश म्हटला की लोकांना वाटतं, हा जाडजूड, विद्वान, शांत. शांतता माझ्या नशिबी कुठली? पोटात हजारो शब्द एकमेकांना ढुशा देत असतात. त्यातल्या एका शब्दाने तर मला आजवर स्वस्थ बसू दिलेलं नाही. त्याचीच ही हकीकत.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यातला. तिथून नागपूरला आलो आणि सीताबर्डीच्या एका दुकानात धूळ खात पडलो. छप्पन सालच्या दसऱ्याला दीक्षा घेऊन परतणाऱ्या एका तरुणाने मला उचललं, दोनतीन पानं चाळली आणि छातीशी धरलं. छोट्या लाइनच्या गाडीत मांडीवर बसवून त्याने मला मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आणलं. तो भोजराज मेश्राम. मॅट्रिक झालेला, कचेरीत टायपिस्ट.

वॉर्डात इंग्रजी नीट वाचणारा तो एकटाच. कोणाकडे नोटीस येवो, कोर्टाचा कागद येवो, सगळे आमच्या ओसरीवर. भोजराज वाचायचा, अडलं की मला उघडायचा आणि मराठीत सांगायचा. 'बाबूनं वाचलं म्हंजे खरं,' असं लोक म्हणत. ते ऐकून मीही फुगायचो, खोटं कशाला बोलू?

चार घरं सोडून सुखराम राहायचा, रेल्वेतला गँगमन. त्याची मुलगी आनंदी वॉर्डाच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. नोकरी कच्ची, इंग्रजी अक्षरं जुळवून वाचण्यापुरतं, पण मान मोठा. रविवारी विहारात वंदनेला ती पुढे बसायची आणि भोजराज मागे. डोळे मात्र मिटलेले नसायचे.

एकसष्ट साली त्याने ठरवलं, हिला लिहायचं. मराठीत लिहावं तर घरातलं कोणीही वाचील. हिंदीत लिहावं तर पोस्टमनही वाचील. शिवाय आपल्या भाषेत हे लिहायचं म्हणजे त्याचे कान तापत. म्हणून इंग्रजी. मग सुरू झाला माझा छळ. 'लव्ह' त्याला फार उघडं वाटलं. 'इन्फॅच्युएशन'पाशी मी 'भुरळ, वेडेपणा' असा अर्थ दिलेला. तो वाचून तो घाबरला. 'अटॅचमेंट' बरा वाटला, पण कचेरीत तो शब्द फक्त जप्तीच्या कागदावर येई. शेवटी 'अट्रॅक्शन'वर बोट थांबलं. 'ओढ, आकर्षण, जसे लोहचुंबकाचे.' अर्थ पटला, पण तो बाईमाणसाला कसा लिहायचा, त्याच्या मागेपुढे काय लावायचं, हे माझ्यात नाही. मी अर्थ सांगतो, वापर नाही. तीन रविवार त्याने त्यात घालवले.

अखेर कचेरीच्या सवयीने पत्र झालं ते अर्जासारखं. सविनय निवेदन की, मला आपल्याविषयी अट्रॅक्शन आहे. तरी योग्य विचार व्हावा. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्याने ते टाइप केलं. खाली सही नाही. खाकी लिफाफ्यात घातलं आणि पोस्टात टाकलं.

आता सांगा, टाइप केलेला इंग्रजी कागद, खाकी लिफाफा, घरात आईबापाला इंग्रजी वाचता येत नाही. असा कागद कोणाकडे जाणार? एवढं मला कळत होतं, त्या शहाण्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीतून येऊन चपला काढतो तोच सुखराम ओसरीवर उभा. मागे त्याची बायको सत्यभामा, डोळे रडून लाल. आनंदी शाळेतून यायची होती.

"बाबू, सरकारी कागद आला पोरीच्या नावानं," सुखराम म्हणाला. "नौकरी तं नाही गेली ना तिची?"

भोजराजने आपलंच पत्र हातात घेतलं. उगाच मला उघडलं. त्याची बोटं माझी पानं नुसती उलटत होती. खरं बोल, मी आतून ओरडत होतो, आत्ताच बोल.

"नाही काका," तो म्हणाला. "साहेब खूश हायेत तिच्या कामावर. तसंच लिवलं हाये."

सत्यभामा तिथेच खाली बसली आणि आनंदाने रडायला लागली. मग तो बोललेला शब्द मागे कसा घेणार?

सुखराम हौशी माणूस. त्याने बाजारातून त्या कागदाला काच आणि चौकट करून आणली आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी टांगली. पोरीला सरकारने सर्टिफिकेट दिलं म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागला. भोजराजच्या मनातलं सगळं त्या भिंतीवर उघडं लटकत होतं आणि कौतुकाने माना डोलवणाऱ्यांपैकी एकालाही ते कळत नव्हतं.

एकीला कळलं होतं. भोजराज कचेरीत असताना आनंदी आमच्याकडे आली. त्याची आई रुख्माबाई चुलीपाशी होती. तिला एक शब्द पाहायचा आहे एवढं सांगून आनंदीने मला उघडलं. तिचं बोट 'ए'च्या पानांवरून खाली आलं आणि त्याच शब्दापाशी थांबलं. बराच वेळ थांबलं. मग तिने मला नीट मिटून जागेवर ठेवलं आणि गेली.

तेव्हापासून माझी झोप उडाली. तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि ज्याला कळायला हवं तो रोज मला उशाला घेऊन सुस्कारे टाकत होता. सांगू कसा? मला तोंड कुठे आहे? भोजराज सुखरामकडे गेला की आनंदी त्याच्यासमोरच चौकटीची काच पुसायची, असं तो आईला सांगे आणि जेवण तसंच टाकून उठे.

आठ महिने असे गेले. मग भंडाऱ्याहून स्थळ आलं. मुलगा घनश्याम गजभिये, बी. ए., हायस्कुलात मास्तर. सुखरामने भोजराजला बोलावलं आणि मोठं पुस्तकही आण म्हणाला, पाहुण्यांना दिसू दे. घनश्याम वडिलांना घेऊन आला, तेव्हा मला स्टुलावर मांडलेलं होतं. चहा झाला, पोहे झाले आणि सुखरामने अभिमानाने भिंतीकडे बोट केलं. घनश्यामने खिशातून चष्मा काढला आणि उठला.

भोजराज त्याच्या आधी उठला. "गुरुजी, थांबा. ते मी लिवलं हाये."

"तू काहून लिवशीन?" सुखराम म्हणाला. "ते सरकारचं हाये."

"नाही काका. तुमच्या पोरीले म्याच लिवलं. तुमी आले तवा खोटं वाचलं."

सुखरामने चौकट उतरवली. "पोरीवर मन गेलं, ते झालं. पन कागद खोटा वाचला तू. आता या वॉर्डानं कोनापाशी जावं?" त्याने चौकट भोजराजच्या हातात दिली. "वाच आता. खरं वाच."

भोजराज वाचू लागला, एकेक ओळ मराठी करून. त्या शब्दापाशी आला आणि अडकला. मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं. एवढं सगळं होऊनही माझ्याकडेच! मला माझीच लाज वाटली.

आतल्या दारातून आनंदी बोलली, "पुस्तक नोका पाहू. म्या पाह्यलं हाये त्यात, तवाच. शब्द बरोबर हाये तुमचा. पन ओढ म्हनता, अन् चार घरावरून पोस्टानं पाठवता?"

घनश्याम भला माणूस. त्याने चष्मा घडी करून खिशात ठेवला, आपल्या वडिलांना खुणावलं, जयभीम केला आणि निघाला. सुखराम भिंतीकडे तोंड करून बसला होता. भोजराजने त्याचे पाय धरले, तेव्हा त्याने पाय ओढून घेतले नाहीत, एवढंच. आनंदी पुढे आली.

"उद्या या," ती म्हणाली. "कागद नोका आनू. पुस्तकबी नोका आनू."

दुसऱ्या दिवशी भोजराजने धुतलेला सदरा घातला. सवयीने त्याचा हात माझ्याकडे आला आणि मागे गेला. मी फळीवर राहिलो. चार घरांचं ते अंतर, पण मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. तो दिवेलागणीला परत आला आणि आईला म्हणाला, सुखरामकाकाकडे रीतीनं जायचं आहे, चांगलं लुगडं नेस.

आता चौऱ्याहत्तर साल आहे. लग्नाला बारा वर्षं झाली. माझा कणा सुटलाय, कसर लागलीय. मुलीची शाळा हिंदी, तिच्यासाठी नवा हिंदी कोश आलाय, माझ्याकडे कोणी फिरकत नाही. त्याचं मला दुःख नाही.

पण त्या दिवशी तो तिला काय बोलला? कोणता शब्द वापरला? बारा वर्षं मी माझी पानं आतल्या आत उलटून पाहतोय. मला तो सापडत नाही. वाचकहो, कधी बालाघाटला गेलात तर आनंदीबाईंना एवढं विचारा. शब्द माझ्यात नसला तर शेवटचं पान कोरं आहे, त्यावर पेन्सिलीने लिहायला सांगा. मग मला खुशाल रद्दीत द्या.