गाठीचे दोन तुकडे

अँटिबॉडीच खराब निघाली, असं शुक्रवारच्या अहवालात लिहायचं आमचे प्रमुख उपेंद्र सर यांनी ठरवलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. तो अहवाल गेला की काम बंद होणार होतं. बेळगावच्या रुग्णालयातल्या आमच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं मी स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी तपासत होते. गाठीतल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरला फॉस्फेट चिकटलेलं असेल तरच ही अँटिबॉडी त्याला धरते आणि फिल्मवर काळा पट्टा उमटतो. चाळीस गाठी झाल्या, एकीतही पट्टा नाही. पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तीच अँटिबॉडी दर वेळी ठसठशीत पट्टा देत होती. मग ती खराब कशी? सर सज्जन माणूस. कुणाशी वाद नको म्हणून तिच्यावर खापर फोडून मोकळे होत होते.

मी सदलग्याची. आमच्या घरी दूध नासलं की आई आधी भांडं हुंगते, म्हशीला दोष देत नाही. म्हणून गाठ ऑपरेशन थिएटरमधून आमच्याकडं कशी येते ते बघायला गेले. रवळूआण्णा तिथले जुने शिपाई. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून ते सकाळपासूनच्या गाठी ट्रेमध्ये जमवायचे, दुपारी डब्यात बर्फ घालायचे आणि एकदाच जिना उतरायचे. आमच्या दारात डबा गार असायचा, त्यामुळं मला कधी शंका आली नाही. बर्फाविना तेवढ्या तासांत रिसेप्टर टिकतो, पण त्याच्यावरचं फॉस्फेट गळून जातं.

"घाई कराय पायजे हे मला कुणी सांगितलंच न्हाय गं," आण्णा म्हणाले. खरंच होतं. सांगायचं काम माझं होतं आणि दोन वर्षांत मी तो जिना एकदाही चढले नव्हते. मला लाज वाटली.

सर्जन कुरकुरले, पण एका रुग्णापुरते तयार झाले. बुधवारी आमच्या वाट्याच्या गाठीचे दोन तुकडे केले. एक लगेच माझ्या बर्फात, दुसरा आण्णांच्या ट्रेमध्ये. गुरुवारी फिल्म धुतली. पहिल्यात काळाभोर पट्टा होता, दुसऱ्यात काहीच नव्हतं.

सर खूश झाले. काम चालू राहणार म्हणाले. मी म्हटलं, मग आधीच्या चाळीस गाठी अहवालातून काढा. ते अडखळले. पट्टा नाही एवढंच लिहू, त्यात खोटं काय, असं म्हणू लागले.

"सर, त्यांच्यात काय होतं ते आपल्याला माहीत नाही. ते आपणच पुसलं," मी म्हटलं. त्यांनी अहवाल पुढं ओढला. मग पेन घेऊन एकेक ओळ खोडली.

शनिवारी निपाणीच्या गुणाबाई तपासणीला आल्या. विड्या वळणारी बाई, त्या चाळिसांतली एक. तुमच्या गाठीचा उपयोग होईल असं सांगून त्यांची सही मीच घेतली होती. काय निघालं माझ्या गाठीत, त्यांनी विचारलं. खोटं बोलणं सोपं होतं, पण जीभ वळली नाही.

"मावशी, तुमची गाठ वाया गेली. आमच्या चुकीनं."



"आता कळली न्हवं चूक?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग सोमवारी माझ्या धाकट्या भनीच्या गाठीचं आपरेशन हाय. तू सोता दारात उभी ऱ्हा."