इनोकेच्या पडद्यावरचे खडक

आमच्या बेटावरच्या लेवुका गावाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी एकतीस वर्षं काढली. तिथे चुकीची तार जोडली, तर फार तर शिव्या मिळायच्या. निवृत्त झाल्यावर मी होडीवाल्यांना समुद्राचा नकाशा दाखवणाऱ्या एका फुकट प्रोग्रॅमच्या कामाला लागले. तो हौशी लोकांनी मिळून केलेला. अडलेल्यांना उत्तरं देणारेही आम्हीच, बिनपगारी. रीत एकच होती: आधी विचारायचं, प्रोग्रॅमची आवृत्ती कुठली. लोक वैतागायचे.

"बुबू, बुडत्याला आधी नावगाव विचारता का?" सालोटे मला चिडवायची. नातवंडांच्या वयाचे सगळे मला बुबूच म्हणतात. ती बापाच्या, इनोकेच्या, खोबरं वाहणाऱ्या होडीवर असे.

त्या दुपारी तिचा निरोप आला. "बुबू, नकाशा उघडतच नाही. बाबा घाई करतायत. अकरा माणसं खोळंबलीत."

तोच प्रश्न मी दिवसात सातव्यांदा वाचत होते, आणि ही तर घरचीच पोर. मी आवृत्ती विचारली नाही. लिहिलं, "सेटिंगचा फोल्डर पुसून टाक आणि पुन्हा सुरू कर."

"उघडला. विनाका, बुबू, उपकार झाले. निघालो."

पुढच्या माणसाला आवृत्ती विचारताना माझी बोटं थांबली. जुन्या आवृत्तीत माणसाने स्वतः केलेल्या खुणाही त्याच फोल्डरमध्ये असत. इनोकेच्या खुणा म्हणजे पाण्याखालचे प्रवाळाचे खडक. छापील नकाशात ते नाहीत. त्याच्या बापाने होडी घासून घासून शोधलेले. सालोटेचा निरोप परत उघडला. तळाशी आवृत्तीचा आकडा होता. जुनाच.

फोन लागेना. तीन वाजले होते. ते पश्चिमेला चाललेले, म्हणजे ऊन तोंडावर. खडक ओळखायचा तो पाण्याचा रंग दिसणार नाही, इनोके पडद्यावरच भरवसा ठेवणार. ते ज्या बेटाकडे निघाले होते, तिथल्या दवाखान्यात वायरलेस आहे. तिथल्या नर्सला फोन केला.

"वासिती, इनोकेला गाठ. त्याच्या पडद्यावरचे खडक गेलेत. मी घालवले."

"लेवुकात बसून? कमाल आहे तुमची."

"चेष्टा नंतर कर गं. हाक मार त्याला."

तिने हाका मारल्या. नुसती खरखर. मी फोन कानाला लावून बसले. पलीकडे ती त्याचं नाव घेत राहिली, आणि दर वेळी मध्ये ती खरखर. अकरा जणांतली किती पोरं, हे विचारायचा धीर झाला नाही.

मग वासितीने वायरलेसला भिडवलेल्या फोनमधून इनोकेचा आवाज आला, मला हाक मारत. "लितियामावशी, पडद्यावर पुढचं पाणी इतकं मोकळं मी जन्मात पाहिलं नाही. भ्यायलो. नांगर टाकलाय."

"तुझ्या खुणा मी पुसायला लावल्या, बाबा."

"प्रत आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"मग लिहून घ्या. आठवतील तेवढे सांगतो."

नऊ सांगितले. दहाव्यापाशी अडला. "होते तिसाच्या वर," म्हणाला. "उद्या सूर्य पाठीशी आला की पोरीला पुढे टोकावर बसवून काढतो वाट."

दुसऱ्या दिवशी दहाला सालोटेचा निरोप आला. पोचले होते. होडीचं बूड एका जागी फाटलं होतं, माणसं धड होती.

तोवर माझ्यापुढे चौदा प्रश्न साचले होते. पहिला उघडला. "पटकन सांगा, घाईत आहे."

मी लिहिलं, "आवृत्ती कुठली?" आणि उत्तर येईपर्यंत खुर्चीतून हलले नाही.