गच्चीवरची माती

"तुम्हाला ठाऊक होतं, साहेब! ठाऊक असून तुम्ही उदयनगरच्या जंगलावर कुऱ्हाड घातलीत."

नीलकंठ हे तोंडावर बोलला. देवासच्या त्या सरकारी कचेरीत बाकी सगळ्यांच्या माना खाली. कॉलेजात रसायन शिकवणारा हा एकटाच ताठ उभा.

झालं होतं ते असं. सागाखालची माती कसदार निघाली तर जंगल तोडून शेती काढायची, असा साहेबांचा बेत; माती तपासायचं काम नीलकंठकडे. मातीतलं नत्र कोणत्या रूपात आहे ते मुंबईचं नवं यंत्र सांगणार. डोळ्यांना न दिसणारे किरण मातीतून सोडायचे, कागदावर आलेख उमटतो. माती मात्र खडखडीत हवी, ओलीने आलेख बुजतो. म्हणून नीलकंठने ती घरच्या गच्चीवर वाळत घातली. त्याच्या आईने, जानकीबाईंनी ती पाहिली. रानातली, कुठली कोण जाणे, आणि सकाळी तिथेच कुरडया घालायच्या! त्यांनी गोमूत्र शिंपडून गच्ची शुद्ध केली. मातीसकट.

आलेख आला तो नत्राने फुगलेला. साहेब खूश. नीलकंठ चरकला. कुजलेल्या पानांतलं नत्र असं टोकदार सुळक्यासारखं उभं राहत नाही.

"आई, मातीला कोणी हात लावला होता?"

"हात कशाला लावू? चार थेंब शिंपडले, बस."

"चार थेंब की तांब्या?"

"तांब्या. पण लहानसा हो."

त्याने नुसतं गोमूत्र वाळवून मुंबईला पाठवलं. तोच सुळका! दोन्ही आलेख साहेबांपुढे ठेवून तो म्हणाला, "चूक माझ्या घरची. माती पुन्हा आणू."

"अरे भिया, नत्र म्हणजे नत्र. गाईचं काय, झाडाचं काय! रिपोर्ट वर गेली, अब क्या?"

"मग गाय काय सागाखाली बसवणार आहात?"

साहेब हसले आणि त्यांनी तोडीच्या हुकुमावर सही केली.

साग आडवे झाले. उघड्या जमिनीत पेरलेली ज्वारी गुडघ्यालाही लागली नाही, पिवळी पडून बसली. आणि आज, त्याच आलेखाच्या जोरावर, पलीकडची टेकडीही तोडायचा हुकूम निघाला होता. म्हणून नीलकंठ पुन्हा आला होता.

"घरी जा पंडितजी," साहेब म्हणाले. "आधी आईला आवरा."

नीलकंठने हुकुमाच्या कागदावर पंजा ठेवला.

"तिचं नाव काढू नका. तिला वाटलं, शुद्ध करतेय. तिने शिंपडलं आणि विचारल्याबरोबर सांगितलं. तुम्हाला मी सांगितलं, दाखवलं, पुरावा दिला. तरी तुम्ही सही केलीत. कोणासाठी केलीत, साहेब? बोला. उत्तर मिळेपर्यंत हा हात उचलणार नाही."