लिफ्टच्या दारातली भागीदार

या मंडळी, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलात की डोळा लागतो, आणि आजची गोष्ट पेंगत ऐकण्यासारखी नाही. गोष्ट आहे ओसाकाच्या शिमोजो तोमोएबाईंची, दोन वाकलेल्या मालकांची आणि एका कागदी पिशवीची. कीर्तनात नाव बुवांचं होतं. पण ज्याच्या टाळावर बुवा नेमके समेवर येतात, तो बिचारा मागे उभा असतो, आणि त्याच्याकडे फक्त देवाचं लक्ष असतं. तोमोएबाई तशा टाळकरी.

त्यांचे साहेब कुरेबायाशी. जेवणाच्या डब्यात कोपऱ्याला, भात आणि तळणाच्या मधे, हिरव्या प्लास्टिकच्या गवताची जी पट्टी उभी असते ना, ती साहेबांच्या कारखान्यात व्हायची. दुसरं काही नाही, फक्त गवत. वडिलांनी गवत केलं, मुलानं गवत केलं. बाई त्यांच्या सेक्रेटरी. साहेबांच्या दाराबाहेर त्यांचं टेबल, आणि आत जायचं ते चहाचा ट्रे घेऊनच.

मार्च महिन्यात बाई एका प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "साहेब, तिथे सांगितलं की सेक्रेटरी म्हणजे मालकाची धोरणातली भागीदार असते."

साहेबांनी नेमका घोट घेतला होता. तो नाकातून बाहेर आला.

"भागीदार? मग माझं निम्मं टक्कल घ्या," ते नाक पुसत म्हणाले. पण मग त्यांचा चेहरा उतरला. "शिमोजो-सान, थट्टा पुरे. एकट्या गवतावर आता भागत नाही. इसोझाकींशी एक झालो तरच कारखाना तरेल, त्याचीच बैठक ठरली आहे. ते फिसकटलं, तर एप्रिलमध्ये पहिली तुमची खुर्ची जाईल. सल्लागार म्हणतो, भेटीगाठी फोन लक्षात ठेवतो आणि चहा यंत्र करतं."

बाई ट्रे उचलता उचलता थांबल्या. "मग मला त्या बैठकीत बसू द्या."

"आत बसून करणार काय?"

"ऐकेन."

"ते तुम्ही दाराबाहेरूनही ऐकता. अख्ख्या मजल्याला माहीत आहे."

हे खरंच होतं, त्यामुळे बाई ट्रे घेऊन बाहेर आल्या. दुपारी गच्चीवरच्या कोल्ह्याच्या देवळीपुढे, म्हणजे तिथल्या धंद्याच्या देवापुढे, मात्र त्यांनी हात जोडले. "खुर्ची वाचव," त्या म्हणाल्या, "तुझ्या आवडत्या तळलेल्या टोफूचा नैवेद्य दाखवीन. बाजारचा नाही, घरचा."

आता इसोझाकींची ओळख करून घ्या. त्याच डब्यात सोया सॉसनं भरलेली, लाल टोपणाची इवलीशी प्लास्टिकची मासोळी असते, ती यांची. गवत आणि मासोळी एकाच डब्यात वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं नांदत होती, मालकांचं मात्र कधी जमलं नव्हतं.

ठरल्या दिवशी इसोझाकी आले ते आपल्या सेक्रेटरीला घेऊन. हिराबारु त्यांचं नाव. गोल, गुबगुबीत, मऊ आवाजाचे गृहस्थ. बाईंनी हा आवाज फोनवर इतकी वर्षं ऐकला होता, की माणूस पहिल्यांदा पाहूनही त्यांना शेजारच्या घरातला कोणी भेटल्यासारखं वाटलं. दोन्ही साहेब बैठकीच्या खोलीत गेले, दार लागलं आणि हे दोघं बाहेर खुर्च्या टाकून कान देऊन बसले.

आत नुसता स्तुतीचा पूर. इसोझाकींनी गवताचा हिरवेपणा वाखाणला. कुरेबायाशींनी मासोळीच्या डोळ्यांचं कौतुक केलं. पुन्हा हिरवेपणा, पुन्हा डोळे. नव्या कंपनीच्या नावात आधी कोण, गवत की मासोळी, हा एकच प्रश्न उरला होता आणि तोच कोणी तोंडातून काढेना. शेवटी इसोझाकींचा आवाज आला, "बरं, विचार करून ठेवतो."

ओसाकात 'विचार करून ठेवतो' म्हणजे विषय संपला. बाहेर दोघांनी एकदमच उसासा टाकला.

"आमच्या साहेबांना नाव पुढे हवंय," हिराबारु कुजबुजले, "पण मागायची लाज वाटते."

"आमच्या साहेबांचं तरी दुसरं काय आहे? तुमच्या खुर्चीचं काय म्हणतायत?"

"एप्रिल. आणि तुमची?"

"एप्रिल. सल्लागार एकच दिसतोय."

मग निरोपाची वेळ. इसोझाकी आणि हिराबारु चिमुकल्या लिफ्टमध्ये उभे राहिले, हिराबारुंच्या हातात कुरेबायाशींनी भेट दिलेल्या मिठाईची कागदी पिशवी. बाहेर कुरेबायाशी आणि तोमोएबाई. चौघंही कमरेत वाकले. दार लागेपर्यंत मान वर करायची नसते, हे काय सांगायला हवं?

"दार बंद होत आहे," लिफ्टच्या यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली. दार सरकलं, कशाला तरी टेकलं आणि मागे फिरलं. "दार उघडत आहे."

अर्धवट उठलेली चारही डोकी पुन्हा खाली गेली.

"दार बंद होत आहे. दार उघडत आहे."

वाकल्या वाकल्या तोमोएबाईंना दिसलं. हिराबारुंच्या पिशवीचा कोपरा दाराच्या पट्टीत आला होता. नुसता पाय लावला असता तरी सुटला असता. बाईंनी पाय पुढे केलाही, आणि तिथेच थांबवला. त्यांच्या मनात आलं, अरे, ही पहिलीच बैठक जिच्यात आपणही आहोत. आणि हिच्यातून कोणाला उठून जाता येत नाही.

त्यांनी हिराबारुंकडे पाहिलं. गुडघ्यांच्या उंचीवर दोघांची नजरानजर झाली. हिराबारुंनी पिशवीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि शांतपणे पिशवी आणखी थोडी बाहेर सरकवली.

"हिराबारु-सान," बाई फरशीला उद्देशून म्हणाल्या, "आमचे साहेब कालच म्हणत होते, नावात मासोळीच पुढे शोभेल."

साहेब असं काही म्हणाले नव्हते. त्यांचे कान लाल झाले. पण पाहुण्यांसमोर, तेही वाकून असताना, नाही कसं म्हणायचं?

"काय योगायोग," हिराबारु म्हणाले. "आमचे साहेब गाडीत म्हणाले, आधी गवत. गवत नसेल तर मासोळी भातात लोळेल."

इसोझाकींच्या तोंडून किटलीसारखा आवाज निघाला.

"दार बंद होत आहे. दार उघडत आहे."

"खरंच असं म्हणालात?" कुरेबायाशींचा आवाज हळवा झाला. "मग मीही मागे हटणार नाही. मासोळीच पुढे."

"भलतंच. गवत."

"मासोळी. माझं ऐका."

"वयानं मी मोठा आहे. गवत म्हणजे गवत."

झालं. आत्तापर्यंत दोघं मनातल्या मनात स्वतःसाठी भांडत होते, ते आता उघडपणे एकमेकांसाठी भांडू लागले. आवाज चढत गेले आणि डोकी आणखी खाली गेली. लिफ्टसाठी आलेली दोन माणसं हे पाहून जिन्यानं निघून गेली. आपण जरा जास्तच फोडणी घातली, हे बाईंना कळलं, पण आता कढई खाली उतरवायची कशी?

तेवढ्यात कट् असा आवाज झाला.

"काय झालं?" कुरेबायाशींनी विचारलं.

"काही नाही," इसोझाकी खालूनच म्हणाले. "कंबर आहे. मी असाच बरा आहे."

बाईंची नजर अजून त्या अडकलेल्या पिशवीच्या कोपऱ्यावरच होती. "एक विचारू?" त्या म्हणाल्या. "डब्यात गवत कुठे असतं?"

"कोपऱ्यात," कुरेबायाशी म्हणाले.

"आणि मासोळी?"

"कोपऱ्यात," इसोझाकी म्हणाले.

"मग कंपनीचं नाव कोपराच ठेवा. कोणी पुढे नको, कोणी मागे नको."

दार लागता लागता पुन्हा उघडलं.

"कोपरा," इसोझाकींनी शब्द घोळवून पाहिला. "आई डबा द्यायची, तेव्हा मी कोपऱ्यापासूनच खायला लागायचो."

"मीसुद्धा," कुरेबायाशी म्हणाले. "विचार करून..."

"ठेवू नका," बाई म्हणाल्या. "हो म्हणा, म्हणजे मी पिशवी काढते."

"कुठली पिशवी?" दोन्ही मालकांनी एकदम विचारलं. मग त्यांना ती दिसली. आधी इसोझाकी, मग कुरेबायाशी, फरशीकडे बघत हो म्हणाले.

इसोझाकींना सावरायला कुरेबायाशी आत शिरले. जागा व्हावी म्हणून हिराबारु पिशवी घेऊन बाहेर आले. दार लगेच लागलं आणि दोन्ही मालक खाली गेले. तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा पहारेकऱ्याला काय दिसलं? एक मोठा माणूस आपल्यापुढे कमरेत वाकलाय, दुसरा त्याला धरून वाकलाय. पहारेकरी संस्कारी. तोही वाकला, आणि दार लागेपर्यंत वर झाला नाही. पुढचे किती मजले काय काय झालं असेल, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मालक परत वर पोचेपर्यंत हे दोघं बैठकीच्या खोलीत जाऊन बसले होते. दारापासून सर्वात लांबच्या, मानाच्या खुर्च्यांवर. मिठाई उघडली होती आणि कराराचा मसुदा निम्मा झाला होता. मालकांसाठी दाराजवळच्या खुर्च्या तेवढ्या उरल्या होत्या. कुरेबायाशींनी ते पाहिलं.

"चहा आणते," बाई सवयीनं उठू लागल्या.

"बसा," साहेब म्हणाले, आणि स्वतः गेले.

चहा कोमट होता, वर पत्ती तरंगत होती. इसोझाकींनी एक घोट घेतला. "आणखी देऊ?" कुरेबायाशींनी विचारलं.

"विचार करून ठेवतो," इसोझाकी म्हणाले.

एप्रिलमध्ये बाईंची खुर्ची गेली खरी, पण दाराबाहेरून दाराच्या आत. हिराबारुंची तिच्या शेजारी आली. नव्या ओळखपत्रावर 'धोरणातली भागीदार' असं छापून साहेबांनी ते बाईंच्या हातात ठेवलं.

"आणि टक्कल?" त्यांनी विचारलं.

"ते तुमच्याकडेच राहू द्या," बाई म्हणाल्या आणि टोफूचं ताट घेऊन गच्चीकडे निघाल्या. जाताना लिफ्ट घेतली नाही.

तेव्हा मंडळी, उद्या तुम्ही कुठे मोठ्या माणसाच्या भेटीला जाल. दाराबाहेर कोणीतरी हसून म्हणेल, बसा, साहेब आत्ता मोकळे होतील. आत बोलावलं की त्या माणसाला विसरून जाऊ नका. निघताना त्याचं नाव विचारा, आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा तेही एकदा घ्या.