नऊ नंबरच्या रायफलीत मी

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला दाराची कडी आठवेल. पण मी बडोद्याच्या एका नेमबाजी क्लबातल्या जुन्या रायफलीचा बोल्ट आहे. काडतूस नळीत ढकलायचे आणि गोळी सुटेपर्यंत त्याची पाठ घट्ट धरून ठेवायची, एवढेच माझे काम. माझी रायफल सात नंबरची. कारखान्यात आम्हा दोघांना मोजूनमापून एकमेकांशी जुळवले होते. शेजारची नऊ नंबरची दिसायला हुबेहूब तिच्यासारखी.

शस्त्रागार सांभाळणारे धनाजीराव मोठे भाविक. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. यंदा खंडेनवमीला त्यांनी सगळे बोल्ट काढून पुसले, पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिले. मला किती धन्य वाटले! पण पूजा आटोपल्यावर नंबर न पाहताच त्यांनी मला नऊ नंबरमध्ये सरकवले. मी सहज बसलो, तिथेच घात होता. माझ्या आणि काडतुसाच्या मध्ये केसाएवढी जागा जास्त राहत होती. काडतूस मागच्या बाजूने फुटले असते, तर जळता वायू थेट नेमबाजाच्या डोळ्यांवर आला असता.

चार दिवसांनी निवड चाचणी होती. कारेलीबागेतली प्राची तिची नेहमीची नऊ नंबर घेऊन नेमासाठी आडवी झाली. ज्युनियर संघासाठी वयाने तिची ही शेवटचीच संधी. मला ओरडावेसे वाटले, पण लोखंडाला वाचा कुठली?

काडतूस भरण्याआधी तिने नेहमीसारखे मला रिकामेच दोनदा मागेपुढे केले. हाताला ओळखीची घसट लागली नाही, तशी ती थबकली. मला बाहेर काढून तिने माझ्यावरचा नंबर वाचला आणि हात वर केला.

"शूं थयुं, बेन? टाइम चालू छे हं!" पंच म्हणाले.

"सर, आ बोल्ट मारो नथी," ती म्हणाली. बोल्ट तिचा नव्हताच, माझ्यावर सात कोरले होते.

शेजारचा नेमबाज फिदीफिदी हसला. धनाजीराव धावत आले. "अगं बाई, जुळ्या बहिणी आहेत त्या! बसलाय ना नीट? मग मार की."

"काका, जुळ्या बहिणींना एकच चष्मा चालतो का?"

रायफली दुरुस्त करणाऱ्या जयसिंगरावांनी पोलादी माप आत घातले. त्या मापावर मी बंद व्हायला नको होतो. मी अलगद बंद झालो, म्हणजे मधली जागा जास्तच होती.

"बोल्ट बदलायचाच तर आधी हे माप, धनाजीराव," ते हळूच म्हणाले. "मोजल्याशिवाय एकही गोळी नाही."

धनाजीरावांचा चेहरा पांढराफटक पडला.

नऊ नंबरचा खरा बोल्ट शोधून, मोजून बसवेपर्यंत आठ मिनिटे गेली. रायफल तपासून आणणे नेमबाजाचेच काम, म्हणून वेळ वाढवून मिळाला नाही. शेवटचे पाच नेम राहून गेले. यादीत प्राचीचे नाव नव्हते.

"पोरी, माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं गं," धनाजीराव म्हणाले.

"वर्षच गेलं ना काका? आता मोठ्यांच्या गटात येते," ती म्हणाली आणि डोळे पुसून रायफल साफ करायला बसली.

मित्रांनो, इतकी वर्षे मी अचूक नेमाचेच कौतुक ऐकत आलो. पण मला सर्वांत मोठी वाटली ती न झाडलेली गोळी. कुणी शंका येऊन मध्येच थांबले, तर त्याला हसू नका. घड्याळ धावत असले, तरी त्याच्याजवळ जा आणि काय झाले ते विचारा.